बाळाची कापडी फडकी विकायची आहेत? आधी वही-पेन घ्या

व्हिडिओत मी कापड, शिलाई आणि पॅकिंग दाखवलं. पण हिशोब तोंडी ऐकून डोक्यात बसत नाही, तो कागदावरच करावा लागतो. म्हणून आजचा लेख फक्त त्यासाठी.

सुरुवात एका खऱ्या अडचणीपासून करू. माझ्या वर्गातल्या एक ताई मोठी पिशवी घेऊन वाडीतल्या दुकानात आल्या. पिशवीत बाळासाठी शिवलेले कापडी वाइप्स होते, दहा-दहाची पाकिटं. बचत गटातून २० हजार उचलले होते. त्यातले आठ हजार जुन्या ओव्हरलॉक मशीनला गेले आणि बारा हजार सामानाला. शंभर पाकिटं शिवून तयार केली, चार महिन्यांत ३१ गेली. बाकीची ६९ दिवाणात पडून, आणि हप्ता मात्र दर महिन्याला दारात. त्या म्हणाल्या, "ताई, माझी शिलाई खराब आहे काय?"

शिलाई अगदी छान होती. चुकलं होतं ते मशीनच्या बाहेर. यात पैसा आहे, पण बहुतेक जण तीन गोष्टी विसरतात: हीच वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी फुकट असते, एकदा घेतलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि आपल्या हाताची मजुरी आपण कधी धरत नाही. एकेक करून बघू.

आधी वस्तू समजून घ्या

बाजारातला ओला वाइप म्हणजे न विणलेलं कापड. बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिएस्टरसारखे प्लास्टिकचे धागे असतात, काहींत व्हिस्कोस असतं. पाकीट महिनोन्महिने ओलं राहणार म्हणून बुरशी धरू नये यासाठी त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं. अशाच एका प्रिझर्व्हेटिव्हला, मिथाइलआयसोथायझोलिनोनला, अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने २०१३ साली 'वर्षाचा ॲलर्जन' ठरवलं होतं. युरोपात २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांमध्ये ते वापरता येत नाही.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. हे वाइप्स कागदासारखे पाण्यात विरघळत नाहीत. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात साचलेला एक गोळा सापडला होता. तेल, चरबी, वाइप्स आणि डायपरचा मिळून सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा! आपल्याकडे तर घरचा संडास तुंबला की प्लंबरला बोलवावं लागतं, तेवढं उदाहरण पुरे.

हे सगळं तुम्हाला माहीत असावं, पण गिऱ्हाइकाला घाबरवायला वापरू नका. सगळेच ओले वाइप्स वाईट नसतात आणि प्रवासात ते सोयीचे असतात. "घरी कापड, प्रवासात पाकीट" असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या दुकानदारावर आईचा विश्वास लवकर बसतो.

तुमचा खरा स्पर्धक: आजीचं लुगडं

तुम्हाला वाटतं तुमची स्पर्धा मोठ्या कंपनीच्या पाकिटाशी आहे. माझ्या दुकानात मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे त आमच्या घरी जुन्या लुगड्याचं होते ना ताई, पैसे कायले द्याचे?"

आणि ती आजी बरोबर बोलते. वापरून वापरून मऊ झालेलं सुती धोतर किंवा लुगडं बाळाच्या अंगाला उत्तम. आपल्याकडे लंगोट, दुपटी, फडकी पिढ्यान्‌पिढ्या त्याचीच झाली. मग तुम्ही नवीन काय देताय? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर धंदा सुरू करू नका.

माझं उत्तर असं. आज अनेक घरांत जुनं सुती लुगडंच उरलेलं नाही. कपाटात आहेत त्या सिंथेटिक साड्या, आणि त्या पाणी शोषत नाहीत. वाडीत अमरावती रोडवरच्या गोदामांमुळे, ट्रान्सपोर्टमुळे आणि कारखान्यांमुळे बाहेरगावाहून आलेली कुटुंबं भरपूर आहेत. त्यांच्याकडे सासू-आजी सोबत नसते. त्या आईला एका मापाची, कडा न उसवणारी, धुतलेली, मोजून दिलेली फडकी तयार हवी असतात. तिच्यासाठी तुम्ही कापड विकत नाही, आजीचं काम विकता.

मोठ्या पातळीवर हेच उदाहरण बघा. मुंबईत पल्लवी उटगी यांनी २०१६ मध्ये सुपरबॉटम्स हा कापडी डायपरचा ब्रँड सुरू केला. लंगोट काही नवा नव्हता. पण त्याचा आकार, बटणं आणि शोषून घेणारे थर आजच्या आईच्या सोयीने मांडले. वस्तू जुनी, सोय नवी.

कापड कसं निवडायचं

नागपुरात १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल काढली, कारण कापूस इथेच पिकत होता. आज मिल नाही, पण घाऊक कापडासाठी गांधीबाग आणि इतवारी आहेत. तिथे जाताना हे लक्षात ठेवा:

- एका बाजूला फ्लॅनेल, दुसऱ्या बाजूला मलमल ही जोडी नवशिक्यासाठी चांगली. फ्लॅनेल घाण उचलतं, मलमल लवकर वाळते.
- टेरी टॉवेलचं कापड छान पुसतं, पण जाड असतं. पावसाळ्यात वाळत नाही.
- मायक्रोफायबर आणि फ्लीस बाळाच्या कातडीसाठी घेऊ नका. मायक्रोफायबर कातडीवर ओढल्यासारखं लागतं आणि फ्लीस पाणी धरत नाही.
- "प्युअर कॉटन आहे" या तोंडी शब्दावर जाऊ नका. कडेचे दोन धागे काढून बाजूला जाळून बघा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून कडक गुठळी होते.
- कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो वर तसाच बसून राहिला तर कापडात खळ आहे किंवा भेसळ. एकदा धुऊन परत टाका. तरीही बसला तर ते थान सोडा.

कुठून आली ते माहीत नसलेली कात्रणं किलोवर स्वस्त मिळतात. पायपुसणं करा, बाळाचं काही करू नका.

एका इंचाचा फरक

आता वही काढा. ४४ इंच पन्ह्याचं दहा मीटर कापड घेतलं. धुतल्यावर ५ टक्के आटलं असं धरू. उरलं साधारण पावणेबेचाळीस इंच रुंद आणि ३७४ इंच लांब.

तुकडा ९ इंचाचा कापला तर रुंदीत ४ बसतात, लांबीत ४१. एकूण १६४.
तुकडा ८ इंचाचा कापला तर रुंदीत ५ बसतात, लांबीत ४६. एकूण २३०.

कापड तेच, पैसे तेच, आणि ६६ तुकडे जास्त! ९ इंचाच्या कटिंगमध्ये कडेची जवळपास पावणेसहा इंचाची पट्टी वाया जाते. त्या ताईंनी ९ इंच का घेतलं होतं? कारण घरचा रुमाल तेवढा होता. माप रुमालावरून ठरवायचं नाही, पन्ह्यावरून ठरवायचं. आधी पन्हा मोजा, मग आकार ठरवा. हा नियम उशीच्या अभ्र्यापासून पिशवीपर्यंत सगळ्यालाच लागू आहे.

खर्च लिहा, मजुरीसकट

खालचे भाव उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या बिलातले आकडे टाकून परत करा.

फ्लॅनेल १२० रुपये मीटर, मलमल ८० रुपये मीटर, दोन्ही दहा-दहा मीटर: २,००० रुपये. दोन थरांची फडकी निघतात २३०. त्यातली डाग, गाठ, वाकडी कापलेली अशी २० बाजूला काढली, उरली २१०. म्हणजे दहाचे २१ पॅक.

एका पॅकचा खर्च:
- कापड: ९५ रुपये
- धागा आणि वीज: ५ रुपये
- आधीची धुलाई, इस्त्री: ८ रुपये
- पिशवी आणि लेबल: १५ रुपये
- शिलाई, नगाला ३ रुपये: ३० रुपये
- कापणं, तपासणं, भरणं: १२ रुपये
- एकूण: १६५ रुपये

त्या ताईंनी पहिल्या चार ओळीच धरल्या होत्या. त्यांच्या मते खर्च १२३ आणि किंमत १९९, म्हणजे पॅकमागे ७६ रुपये नफा. पण माल दुकानातून विकायचा ठरला आणि दुकानदाराने ३० टक्के कापले. हातात आले १३९. सामानाचे १२३ गेले, उरले १६ रुपये. दहा फडकी कापली, शिवली, धुतली, भरली, त्याचे सोळा रुपये. एका फडक्यामागे जेमतेम दीड रुपया! मजुरी धरली तर प्रत्येक पॅकवर २६ रुपयांचा तोटा.

"पण मी तर घरीच शिवते, मजुरी कशाला धरू?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. धरायची, कारण उद्या मोठी ऑर्डर आली की शेजारणीला बसवावं लागेल आणि ती फुकट शिवणार नाही. मजुरी न धरता ठेवलेली किंमत म्हणजे ऑर्डर वाढली की बुडणारा धंदा.

आता हाच पॅक २९९ ला लावा. दुकानातून विकला तर हातात २०९, उरले ४४. स्वतः समोरासमोर विकला तर उरले १३४. कुरियरचे ६० तुम्ही भरले तर ७४. म्हणून सुरुवातीला दुकानांच्या मागे धावू नका. पहिले पन्नास पॅक स्वतःच्या हाताने विका.

"२९९ कोण देईल?" असं वाटत असेल तर गिऱ्हाइकाच्या बाजूचा हिशोब करा. दिवसाला ८ वाइप्स धरले तर महिन्याला २४० लागतात. ७२ च्या पाकिटाचे १२० रुपये धरले तर महिन्याचे ४००. तुमची ३० फडकी ८९७ ला पडतात. सव्वादोन महिन्यांत पैसे वसूल. आणि हो, साबण-पाणी आणि धुणाऱ्या बाईची मेहनत यात धरलेली नाही. हेही गिऱ्हाइकाला सांगा. ज्या घरात लंगोट रोज धुतलेच जातात, तिथे आठ छोटी फडकी जड होत नाहीत. जिथे धुवायलाच कोणी नाही, तिथे जबरदस्तीने विकू नका. तिथून फक्त तक्रार येईल.

माझा पहिला लॉट कसा बसला

मला हे सगळं पुस्तकातून कळलं नाही. बीबीएमध्ये कॉस्टिंग शिकले, पण कापड आटतं हे कोणी शिकवलं नव्हतं. डोहाळजेवणाच्या आहेरासाठी बारा पॅकची ऑर्डर मिळाली. घाईत कापड न धुता कापलं आणि दिसायला छान म्हणून कडेला गुलाबी धागा घेतला. पहिल्याच धुण्यात फ्लॅनेल मलमलीपेक्षा जास्त आटलं, फडकं द्रोणासारखं वाकलं आणि पांढऱ्या कापडावर गुलाबी डाग उतरले. बाराही पॅक बदलून दिले. म्हणजे एका मालाच्या पैशात दोन माल गेले.

तेव्हापासून दोन नियम. दोन्ही कापडं कापायच्या आधी गरम पाण्यात धुवायची. आणि रंगीत धागा पांढऱ्या कापडात गुंडाळून, ओला करून, रात्रभर ठेवून बघायचा.

इथे चूक चालत नाही

बाळाची वस्तू आहे. या तीन गोष्टींत वेळ वाचवू नका.

१. सुटा धागा: बाळाच्या बोटाला लांब धागा गुंडाळला गेला तर रक्त थांबू शकतं, आणि बाळाला सांगता येत नाही. प्रत्येक फडक्याच्या चारही कोपऱ्यांचे धागे काढा.
२. तुटलेली सुई: मोठ्या गारमेंट कारखान्यांत तुटलेल्या सुईची नोंद ठेवतात. सगळे तुकडे सापडल्याशिवाय काम पुढे जात नाही. तुम्हीही वही ठेवा. तुकडा सापडला नाही तर तेवढा माल बाजूला काढा. भरण्याआधी प्रत्येक गठ्ठ्यावरून चांगलं लोहचुंबक फिरवा.
३. तोंडाचं आणि शी-शूचं फडकं वेगळं: कडेला दोन रंगांचे धागे वापरा. पांढरी कड तोंडासाठी, निळी कड शी-शूसाठी. खर्च शून्य, आणि गिऱ्हाइकाला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

आणखी एक. सोबत "घरगुती वाइप लिक्विड" किंवा स्प्रे बनवून विकायचा मोह होतो. करू नका. ते प्रसाधन ठरतं आणि त्याला परवाना लागतो. बाळाला पुसायला साधं स्वच्छ पाणी पुरतं.

धुणं शिकवा, तक्रार टाळा

"कडक झालं", "वास येतो" या दोन तक्रारी हमखास येतात. दोन्ही धुण्यातून येतात. म्हणून पॅकमध्ये मराठी आणि हिंदीत छोटी चिठ्ठी टाका:

- फडकी कोरडी ठेवा, वापरताना ओली करा. ओली करून दिवसभर डब्यात ठेवली की वास येतो.
- शी आधी संडासात झटका, थंड पाण्यात खळबळून घ्या, मग गरम पाण्यात साबणाने धुवा.
- फॅब्रिक सॉफ्टनर आणि कांजी नको, कापड पाणी शोषणं सोडतं.
- बोअरचं जड पाणी असेल तर जास्त वेळा खळबळा. कापडात अडकलेला साबण कडकपणा आणतो.
- उन्हात वाळवा. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात दोरीवर टाकता टाकता वाळतं. श्रावणात मात्र पंख्याखाली पूर्ण कोरडं झाल्याशिवाय घडी नको.
- पुसून झाल्यावर कातडी कोरडी करा. पुरळ आलं असेल, किंवा घरात कोणाला जुलाब वा नायटा असेल तर फडकी वेगळी धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

किती फडकी घ्यावीत हेही चिठ्ठीत लिहा. दिवसाला ८, दोन दिवसांची वापरात, एका दिवसाची दोरीवर. म्हणजे २४, वर चार-सहा जास्तीची. यातूनच तुमचा ३० चा संच तयार होतो.

परत न येणारं गिऱ्हाईक

ओल्या वाइप्सचं गिऱ्हाईक दर महिन्याला येतं. तुमचं गिऱ्हाईक ३० फडकी घेतं आणि बाळ मोठं होईपर्यंत तोंड दाखवत नाही. वस्तू जितकी चांगली, तितकं ते उशिरा येतं. धंद्याची आखणी यावरच करायची.

पहिला उपाय म्हणजे घेणारा बदला. आईपेक्षा आहेर करणारे जास्त असतात. डोहाळजेवण, बारसं, बाळंतविडा. फडकी, लाळेरं, टोपरं, दुपटं असा संच करा. एकटं फडकं महाग वाटतं, बाळंतविड्यात ते शोभतं.

दुसरा, प्रत्येक पॅकसोबत ओळखीच्या गरोदर बाईला देण्यासाठी एक चिठ्ठी द्या. तिने आणलेल्या गिऱ्हाइकामागे दोन फडकी भेट. तुम्हाला खर्च ३३ रुपये, जाहिरातीपेक्षा स्वस्त.

तिसरा मार्ग फार कमी जणांना सुचतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हीच फडकी मोठ्या मापात लागतात, आणि तिथे वापर वर्षानुवर्षे चालतो. बाळाच्या चित्राऐवजी साधं लेबल लावा आणि शुश्रूषा करणाऱ्या बायांना नमुना देऊन बघा.

कागदपत्रं, थोडक्यात

उद्यम नोंदणी आधारवर होते आणि फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर तिथून उठा. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण आधी पन्नास पॅक विका, मग बँकेत जा.

वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण छिंदवाड्याच्या गिऱ्हाइकाला पार्सल पाठवलं की ती राज्याबाहेरची विक्री झाली, आणि तिथे ही सूट चालत नाही. राज्यातल्या राज्यात ऑनलाइन पोर्टलवर विकणाऱ्या लहान विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीऐवजी नावनोंदणी क्रमांकावर काम भागवता येतं. सीएला एकदा विचारून घ्या.

बंद पॅकवर वैध मापनाच्या नियमांनुसार तुमचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग आणि माप, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीचा फोन हवा. छापलेल्या किमतीवर जास्त किमतीचं स्टिकर लावायचं नाही. आणि "१०० टक्के ऑर्गॅनिक", "पर्यावरणपूरक" असं पुराव्याशिवाय लिहू नका. फसव्या हरित दाव्यांविरुद्ध ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. "सुती कापड, दोन थर, आधी धुतलेलं" एवढं खरं लिहिलं तरी पुरे.

त्या ताईंचं काय झालं?

नवीन शिलाई थांबवली. ६९ पाकिटं फोडली, ६९० फडकी परत धुतली, तपासली. ६० बाजूला गेली, ती त्या स्वयंपाकघरात वापरतात. उरलेल्या ६३० चे ३० चे २१ संच केले, धुण्याची चिठ्ठी आणि जाळीची पिशवी घातली, नवीन लेबल लावलं आणि किंमत ठेवली ८४९. दुकानात एकही दिला नाही. भिशीत, डोहाळजेवणात, ओळखीत विकले. आतापर्यंत ९ संच गेलेत. हप्ता निघतोय. नफा म्हणायला अजून वेळ आहे, आणि त्यांना ते माहीत आहे. यावेळी आकडे त्यांच्या वहीत आहेत.

तुमचा गृहपाठ

कापड घ्यायच्या आधी तीन कामं करा. गांधीबागेत जाऊन दोन थानांचा पन्हा आणि भाव लिहून आणा. वरची खर्चाची यादी तुमच्या आकड्यांनी भरा, मजुरीसकट. आणि पाच आयांना जाऊन विचारा, "तुम्ही सध्या बाळाला कशाने पुसता?" विकू नका, फक्त ऐका. पाचपैकी तिघींच्या घरी जुनं लुगडं निघालं, तर त्या गल्लीत फडकी नको, लाळेरी शिवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत, आणि येताना वही भरून आणा!